धुरपदण्याचा अर्थ

३ फेब्रुवारी
मांडवगण फराट्याला पोचलो एकदाचा! बोलीकोशासाठी शब्द गोळा करायचे, अर्थ-उगम लिहायचा, खाली तीन गावकऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. गिताबाईंकडे खोली मिळाली. समोर ऊस, ताटात झणझणीत ठेचा. मजेत आहे.

५ फेब्रुवारी
आज घबाड सापडलं. शेजारची पोर चिरक्या आवाजात हसली, तशा गिताबाई खेकसल्या, "धुरपदू नगंस!" धुरपदणे म्हणजे किंचाळत हसणे. बाई म्हणाल्या, धुरपदा नावाची सून वेड लागून विहिरीत पडली आणि दोन दिवस आतून हसत राहिली, त्यावरून. सही मागितली तर बाईंनी हात पदरात लपवले. सगळी वस्ती पालथी घातली, एक सही मिळेल तर शपथ! शेवटी तिन्ही मीच ठोकल्या, एक डाव्या हातानं. नोंद पुण्याला रवाना.

८ फेब्रुवारी
बिरदेवआबा आपणहून आले. धुरपदेचे धाकटे भाऊ, ऐंशीचे. म्हणाले, ती हसत नव्हती. सासरच्यांनी ढकललं होतं, ती वाचवा म्हणून ओरडत होती. ओरडून ओरडून आवाज फाटला, तर तिघा पंचांनी 'वेडानं हसत होती' असं लिहून सह्या केल्या. तिघंही पुढं हसत हसतच मेले. "माज्या बहिणीनं येकालाबी सोडला न्हाई," हे मात्र आबांनी चवीनं सांगितलं. अर्थ बदला म्हणाले. मी पुरावा मागितला. कागदावर सह्या कुणाच्या, एवढं विचारून उठले.

९ फेब्रुवारी
दुपारी जेवताना हसू आलं. कशाचं, कोण जाणे. घास नाकात गेला. आवाज माझा नव्हता.

१० फेब्रुवारी
चार वेळा. बरगड्या दुखतात. पुण्याला कोशाच्या संपादक सरांना फोन केला, नोंद काढा. सर म्हणाले, छापायला गेली, तीन सह्या आहेत की. खरं सांगायला तोंड उघडलं आणि — सरही हसले.

११ फेब्रुवारी
आबांचे पाय धरले. म्हणाले, माझी नको, तिची माफी मागा.
मागायला गेलो — शब्द फुटेना. नुसतं हसूच.

१२
थुंकीत रक्त. भीती वाटते. फार भीती —

१३
वाचवा म्हणून ओरडतोय. बाहेर पोरी टाळ्या पिटतायत, साहेब धुरपदत्यात. आबा ओट्यावर आहेत. त्यांना कळतंय, एकट्या त्यांनाच. गिताबाई विचारतायत, डागदर बोलवू का — आबा म्हणाले, कशाला, हसत्यात ते, हसू द्या की —