डॉन कासियानोचे पाय

५ मे, मंगळवार

आज डॉन कासियानोचे बूट पायात शिरेनात! अख्खी खाण हसली. पाय सुजलेत, पोट टम्म. मी राहतो त्याच्याच घरी, पहारही त्याच्याच जोडीनं मारतो — त्याला इथं सव्वीस वर्षं झाली, मला आठ महिने. त्याची बायको डोन्या फोर्तुनाता तर खूश! "शेवटी माझ्या हातचं अंगी लागलं म्हणायचं!" विजार उसवून सैल करत बसली.

८ मे

अंगी कसलं लागतंय! दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला. फुप्फुसात नुसती दगडाची धूळ. त्यातून रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू दमली, म्हणून पाणी पायात साचतंय. त्यात इथं डोंगरावर हवा विरळ. "खाली सखल मुलखात जा आजोबा. जूनमध्ये हिवाळा लागेल, तो इथं निघणार नाही."

म्हातारा म्हणतो, "बाई, माझं हृदय डावीकडं आहे. उजवीकडचं दुसऱ्या कुणाचं असेल!"

ती हसली नाही.

११ मे

मीठ बंद. लघवीच्या गोळ्या चालू. दिवसभर अंगणात फेऱ्या. शेजारीण ओरडली — "डॉन कासियानो, नळ दुरुस्त करून घ्या!"

१४ मे

आईला फोन केला, यापाकानीला. तिथं सगळं सपाट, दमट, हवा दाट. मागची खोली रिकामी आहे. "पाठव दोघांना. पण माझ्या कोंबड्यांवर खेकसायचं नाही."

म्हातारा हटून बसला. "खाणीतल्या देवाला, तिओला न विचारता? सव्वीस वर्षं त्याचं खाल्लंय मी!"

डोन्या फोर्तुनाता कडाडली, "ए म्हाताऱ्या, त्या मातीच्या शिंगवाल्याला विचारणार, आणि मला?"

ऐकेल तर शपथ! पण आता दहा पावलांत धाप लागते, बोगद्यात उतरणार कसा? मलाच म्हणाला, "उद्या शुक्रवार, त्याचा वार. त्याच्या तोंडात सिगारेट पेटवून ठेव. शेवटपर्यंत जळाली तर जा म्हणतोय. मधेच विझली तर नाही."

मी म्हटलं, आपल्या खाणीतल्या एलोयला पाठवा. तो दर रविवारी चर्चला जातो, आयुष्यात खोटं बोलला नाही.

"नाही. तूच जा."

१५ मे, शुक्रवार

गेलो. तिओपुढं कोकाची पानं ठेवली, दारू शिंपडली, सिगारेट पेटवली. अर्ध्यावर विझली. परत पेटवली. परत विझली!! काचेचे डोळे माझ्याकडंच. मग काय — काढली त्याच्या तोंडातून आणि उरलेली मीच ओढली. पाठ फिरवून!

घरी सांगितलं, "बुडापर्यंत ओढली! राख पांढरीशुभ्र!"

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "फोर्तुनाता, बोचकं बांध."

१८ मे

गेले. बस सुटताना खिडकीतून म्हाताऱ्यानं शेवटचं काय बोलावं? "पहारीला धार लाव, आळश्या!"

२६ मे

घर रिकामं. सूप मीच करतो, घाण होतं. तिओसमोरून जाताना मान खाली.

२ जून

म्हाताऱ्याचा फोन. सूज उतरली. आता बसून नाही, आडवा होऊन झोपतो! धूळ काही जायची नाही, पण दारापासून विहिरीपर्यंत न थांबता जातो. मला राहवेना. सांगून टाकलं — सिगारेट दोनदा विझली होती.

हसला, खोकला, परत हसला.

"ठाऊक होतं रे. एलोय खरं सांगून आला असता. म्हणून तर तुला पाठवला."