माझ्या मापाचा पट्टा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

मानेवर वळ! उजव्या बाजूला, बोटभर लांब, लालभडक. मंगरूळपीरला गाडी घेऊन गेले आणि आले. जाता-येता सीटबेल्ट गळ्यावरच घासत होता. कंचनबाईंच्या कापड दुकानासमोर गाडी लावली, तर त्यांनी गादीवरूनच पाहिलं आणि विचारलं, शालिग्रामरावांशी भांडण झालं का. दुकानात गिऱ्हाईक होतं. सगळे हसले. मीही हसले – दुसरं काय करणार!

गाडी आमची, पण माझ्या मापाची कधी नव्हतीच. शालिग्राम सहा फूट, मी चार फूट नऊ. आजवर ते चालवायचे आणि मी शेजारी बसून मोबाइलवर बातमी टाइप करायची. लायसन्स काढून कपाटात ठेवलं होतं. आता नवऱ्याच्या डोळ्यांत शुगर उतरली. डाव्या डोळ्यापुढे दुधाच्या सायीसारखं काहीतरी कायम, उजव्याचाही भरवसा नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं – गाडी बंद. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. पुढे बघू.

म्हणजे स्टिअरिंगमागे आता मी. आणि स्टिअरिंगमागे मी दिसतच नाही, असं समोरून येणारे जीपवाले म्हणतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

केनवडहून हरीओम आला. दिराचा मुलगा, जीव लावणारा, कामसू पोरगा – पण आज मला आवडला नाही. गाडी उभी राहून खराब होते, बॅटरी बसते, टायर बसतात, असं अर्धा तास चाललं होतं. मी स्वयंपाकघरात. शेवटी शालिग्राम म्हणाले, पाडव्याला घेऊन जाय.

मी पोळपाट सोडून बाहेर आले. म्हटलं, गाडी मी चालवते, मग ती उभी कशी?

शालिग्राम शांतपणे म्हणाले, “तू चालवतं, मले मालूम हाय. पण तो पट्टा तुले फाशी देते. मले दिसत नसलं तरी वळ दिसते. तशी गाडी मी तुले चालवू देत नाही.”

यात चिडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून जास्त चीड आली. मग ठरलं – पाडव्यापर्यंत पट्टा माझ्या अंगाला नीट बसला, तर गाडी इथेच. नाही बसला, तर हरीओमची. त्यानंतर अकोल्याला इंजेक्शनसाठी जीपमध्ये कोंबून जायचं, शालिग्रामांचे गुडघे हनुवटीला लावून. आणि माझी बातमीदारी दुसऱ्याच्या मोटारसायकलवर.

ठीक आहे. इतकी वर्षं पेपरला संध्याकाळी सहाच्या आत बातमी देत आले. मला एकदा तारीख दिली की काम होतं.

६ फेब्रुवारी

पट्टा काखेखालून घेतला. काय सुख! इतकं सोपं होतं तर!

८ फेब्रुवारी, शनिवार

नव्हतं सोपं.

महामार्गावर दोन गाड्यांची धडक. जीव कुणाचा गेला नाही. जखमींची प्रकृती विचारायला वाशिमच्या डॉक्टरांना फोन केला. बातमीपुरतं झाल्यावर आपलं विचारलं – पट्टा काखेखालून घेतला तर? ते म्हणाले, धक्का बसला की तो पट्टा थेट बरगड्यांवर येतो. बरगडी मोडली की आत काळीज, प्लीहा. खांद्याचं हाड सगळ्यात आधी ताण घ्यायला असतं, ते तुम्ही मोकळं सोडलंत. मॅडम, तुम्ही असं करता का?

मी म्हटलं, एक ओळखीची बाई करते.

बातमी आठ ओळींची गेली. ओळखीच्या बाईनं काखेखालून पट्टा घेणं आजपासून बंद केलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवी युक्ती! पदराला पिन लावतो ना, तसा पट्टाच पदरासकट पिन लावून खाली बांधला. गळ्यापासून चांगला चार बोटं दूर. आमच्या शेलूबाजार गावातून राणीसारखी निघाले. गावाबाहेरच्या गतिरोधकावर ब्रेक लावला – पट्टा आवळला, पिन उघडली, आणि टोक कुठे टोचलं ते इथेही लिहिणार नाही.

पदर फाटला. साडी कंचनबाईंच्याच दुकानातली होती. त्यांना दाखवायची सोय नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दाखवायला लागली. त्यांची नजर कापडावरून हटत नाही. सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांचे यजमान देवेंद्रकुमार हिशेब सोडून आत पाहायला आले.

मग त्यांनी इलाज काढला. तू उंचीनं कमी, तर उंच बस! दुकानातली एक जुनी कापसाची गादी, पांढऱ्या खोळीसकट, माझ्या सीटवर घातली. त्यांचा पारस म्हणाला, मम्मी, काकू आता गाडी चालवतात की दुकान? बसून पाहिलं – बोनेट दिसलं, रस्ता दिसला, समोरचा जीपवालासुद्धा दिसला! पट्टाही गळ्यावरून खाली. आसेगावपर्यंत जाऊन आले. बाजारातल्या लोकांनी हात केले. मी गादीवर बसून हात केला.

फक्त एक खटकलं. ब्रेक लावला की गादी पुढे सरकते. तिच्यावर मी. आणि मांडीवरचा पट्टा चढतो पोटावर.

१६ फेब्रुवारी, रविवार

निकिता अकोल्याहून आली. आमची मुलगी, फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांची हाडं बसवते आणि रविवारी आईला उभं करते.

गाडीत डोकावून तिनं आधी गादी काढली आणि ओट्यावर टाकली. मऊ गादी दबते, म्हणाली. धडक बसली की तू गादीसकट पट्ट्याखालून पुढे सरकशील आणि पट्टा पोटात रुतेल. मग माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना बोटं रोवून दाखवलं – हे हाड. मांडीवरचा पट्टा इथे, या हाडांवर, खाली. पोटावर नाही. वरचा पट्टा खांदा आणि गळा यांच्या मधोमध, या हाडावर, तिथून छातीच्या मध्यातून खाली. सैल नाही, पिळलेला नाही. चिमटा नको, पिन नको.

शालिग्राम ओसरीतून म्हणाले, “हाडं तर तिच्यापाशी तेवढीच हायेत, फक्त जवळजवळ हायेत.”

निकिता हसली नाही. म्हणाली, “आई, तुले जे जमते ते तू करून राह्यली. गाडीले काय जमते ते पाह्यलं काय कोनी?”

कुणी पाहिलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. आजवर कुणी उघडलंच नाही. वाचायला घेतलं. इंग्रजी, पण चित्रं भरपूर. एका चित्रात सीटच्या बाजूला दांडा – तो वर-खाली केला की सीट उंच होते! शालिग्रामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आपल्या गाडीत तो नाही. महागड्या गाडीत असते.

मीही मानलं. आणि मग वाटलं – बातमीत कुणी असं सांगितलं असतं, तर मी जाऊन पाहिलं नसतं का?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जाऊन पाहिलं. सीटच्या उजव्या बाजूला, रेग्झिनच्या कव्हरखाली, हाताला एक गाठ लागली. ही गाठ रोज माझ्या पायाला लागायची. मला वाटायचं, शिवण जाड आहे.

दौलतसिंगच्या दुकानात गेले. तोच शेलूबाजारातला सगळ्या गाड्यांची कव्हरं शिवतो. आपल्याकडे गाडी घरी आली की पूजा, आणि पूजेनंतर लगेच कव्हर – आतली सीट कशी आहे हे मग मालकालाही दिसत नाही. त्यानं गाठ चाचपली, उसवली, आणि आतून दांडा निघाला! काळा, नवाकोरा, एकदाही न हललेला.

दौलतसिंगनं डोकं खाजवलं. त्याला आठवत होतं. शिवताना त्यानं विचारलं होतं, भाऊ, हे काय हाय, याले भोक ठेवू काय? तर शालिग्राम म्हणाले होते, “असंन काई तरी. दाबून शिवून टाक, कव्हर कसं सपाट दिसलं पाह्यजे.”

कव्हर अजूनही सपाट दिसतं. गावात सगळ्यात सपाट!

घरी येऊन सांगितलं. शालिग्राम म्हणाले, त्या वेळी मले गरज नोती. खरंच आहे. सहा फुटांना कशाला गरज.

१९ फेब्रुवारी

आणखी एक! दोन दारांच्या मधल्या खांबावर, जिथून पट्टा येतो, तिथे एक बटण आहे. दाबलं की पट्ट्याचं वरचं टोक खाली सरकतं. त्या बटणावर आम्ही शालिग्रामांचा गमछा अडकवत होतो. गमछा काढला. बटण दाबलं. टोक सगळ्यात खालच्या खाचेत आणलं.

आता पट्टा खांद्याच्या हाडावर. हात लावून तीनदा पाहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सीट उंच केली तर पाय क्लचला पोचेनात. सीट पुढे घेतली तर छाती स्टिअरिंगला टेकायला आली. निकिताला फोन केला. ती म्हणाली, स्टिअरिंगच्या आत हवेची पिशवी असते, ती जोरात फुटते. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात वीतभर आणि वर दोन बोटं अंतर पाहिजे.

मापलं. बसलं! लगेच कळवलं. ती म्हणाली, “आई, तुझी वीत नाही. बाबाची घे.”

माझी वीत म्हणजे शाळकरी पोराची. कंचनबाईंकडून कापड मोजायचा टेप आणला, पंचवीस सेंटिमीटर लावले. कमी पडत होते. मग पाठ जरा सरळ केली, स्टिअरिंग खाली वाकवलं – तेही वाकतं, हेही आजच कळलं – आणि चप्पल काढून पक्क्या तळाचे कॅनव्हासचे बूट घातले. बूट बाजारात मुलांच्या रांगेत मिळाले. विकणाऱ्यानं विचारलं, नातवासाठी का. हो म्हटलं.

पंचवीस पूर्ण. क्लच तळापर्यंत. मांडीवरचा पट्टा हाडांवर. साडीच्या निऱ्यांचा गोळा पट्ट्याखाली येतो, म्हणून निऱ्या आता बाजूला सारून बसते.

१२ मार्च, बुधवार

अकोला! जाऊन-येऊन मीच चालवली. शालिग्रामांना इंजेक्शन, मला ताक. मानेवर काहीही नाही. येताना ते झोपले. माझ्या शेजारी हा माणूस गाडीत आजवर कधी झोपला नव्हता.

१८ मार्च

बातमी नाही. वाऱ्यानं लाइन गेली होती, तीच बातमी.

३० मार्च, रविवार, पाडवा

हरीओम सकाळीच आला, नवा शर्ट घालून. गुढी उभारली, पुरणपोळी झाली. कुणी गाडीचं नाव काढेना. मग शालिग्रामच उठले. म्हणाले, चाल, बस गाडीत.

मी बसले. पट्टा लावला. ते माझ्या दाराशी खाली वाकले. डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून बोटांनी पाहिलं. गळ्यापासून सुरुवात केली – गळ्याला पट्टा नाही, ते दोनदा तपासलं. मग खांद्याचं हाड. तिथून पट्ट्यावरून हात खाली, थेट कमरेच्या हाडापर्यंत. पुतण्यासमोर, अंगणात, दिवसाढवळ्या! मला कानापर्यंत ऊन चढलं. मग स्टिअरिंग आणि माझ्यामध्ये स्वतःची वीत लावली, वर दोन बोटं. हरीओम पायातल्या चपलेकडे बघत होता.

शालिग्राम सरळ उभे राहिले. कंबर धरून.

“हरीओम, जेवून जाय. गाडी राह्यते.”

हरीओमनं मान हलवली. जेवताना तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. जाताना म्हणाला, “काकू, आमच्या मायलेही हे पट्ट्याचं शिकवून द्या. तिले मी मित्राच्या गाडीत बसवतो, तं ती पट्टा पाठीमागं टाकते.”

शिकवीन. आधी त्या मित्राच्या गाडीचं कव्हर उसवून बघावं लागेल.

९ एप्रिल, बुधवार

आसेगावच्या रस्त्यावर रोही – नीलगाय. शालिग्राम बाजूला होते. “रोही, डाव्या अंगानं,” इतकंच म्हणाले आणि मी ब्रेक दाबला. रोही बोनेटच्या नाकासमोरून गेला. आम्ही दोघं पट्ट्यांत जागच्या जागी. घरी आरशात पाहिलं – पट्ट्याचा निळा वळ, खांद्याच्या हाडावर, मधोमध. गळा कोरा.

ब्लाउजची बटणं लावत होते तेव्हा लक्षात आलं. रोही डावीकडून आला. तो मला दिसलाच नव्हता.

बाहेर गेले. विचारलं, डाव्या डोळ्यानं पाहिलं?

त्यांनी होकाराची मान हलवली. मग हळूच म्हणाले, “डाक्टरले इतक्यात सांगू नोको. तो मले गाडी चालवाले लावीन.”