व्हर्ना झ्विकर हिच्या भोपळ्याच्या वाडीतली माती

मी, व्हर्ना झ्विकर, दिवंगत एल्वूड झ्विकर यांची पत्नी, वय वर्षे ८१, धंदा भोपळे वाढवणे, राहणार टर्नर्स कोव्ह, नोव्हा स्कोशिया, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने करून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः 'लॉर्न कॉर्कमला काहीही मिळू नये' एवढेच ज्यात लिहिले होते, ते.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि घराशेजारची जमीन माझा मुलगा गॉर्डन यास द्यावी. गुणी मुलगा आहे, हॅलिफॅक्सहून दर रविवारी फोन करतो. ईस्टरला वाडीत उभा राहून म्हणाला, "आई, इथे सिमेंट घातलं ना, तर माझी बोट मस्त राहील." घाल बाबा. पण पुढचे कलम वाचल्याशिवाय सिमेंटवाल्याला बोलावू नकोस.

२. जमीन गॉर्डनची, तिच्यावरची कोपरभर माती त्याची नाही. असे वेगळे देता येते का, हे वकील बेझनसनबाईंनी पुस्तकात पाहून घेतले आहे. येते.

मी लग्न होऊन आले तेव्हा या जागेत स्लेट दगडाच्या चिपा आणि आंबट माती होती. बटाटेसुद्धा रुसायचे. आज जे आहे ते मी केले आहे. फंडीच्या आखाताकडच्या डोंगरातल्या काळ्या दगडाची पूड, किनाऱ्यावरचे शेवाळ, लॉब्स्टरची कुटलेली कवचे, आणि दर शरद ऋतूत माती तपासून जे कमी निघेल ते: कधी जस्त, कधी मँगनीज, कधी चिमूटभर बोरॉन. एल्वूड म्हणायचा, "अगं, लोक शेतातले दगड वेचून बाहेर टाकतात, तू विकत आणून आत टाकतेस!" मात्र पुडीच्या गोण्या आणायला ट्रक तोच काढायचा. गावच्या जत्रेत भोपळ्यांच्या काट्यावर चढलेला सर्वात जड भोपळा याच मातीतला आहे. तो माझा आहे. हे मी नम्रपणे लिहू शकले असते, पण कशाला?

३. ही माती मी रस्त्यापलीकडच्या लॉर्न कॉर्कम यास देते. कारणे विचारली जातील, म्हणून देते.

लॉर्नने जन्मभर माझी चेष्टा केली. "व्हर्ना, भोपळ्याला दात कधी फुटले? दगड चावतोय म्हणे!" त्याचा सगळा विश्वास शेणखतावर. मग एका जूनमध्ये त्याच्या वेलांची पाने कडेने करपली. "हिम पडलं," म्हणाला. जूनच्या अखेरीस, आणि फक्त त्याच्या कुंपणाच्या आत! त्याने गुपचूप बोरॉन आणून शेणखतासारखे मुठीने फेकले होते; ते जास्त झाले की पाने जळतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले होते. गावात बोलले नाही. आज बोलले.

पुढे ज्या वर्षी माझा भोपळा माझाच विक्रम मोडणार होता, त्या वर्षी वजनाच्या दिवशी तो पट्ट्यांवर उचलला गेला आणि लॉर्न खाली वाकून म्हणाला, "इथे तडा आहे." तडा आतपर्यंत गेला असेल तर भोपळा बाद, हा नियम. तडा होता. पण बोट दाखवायची इतकी घाई? चार हिवाळे मी त्याच्याशी बोलले नाही.

तरीही माती त्यालाच. कारण त्या दिवशी अख्ख्या जत्रेत माझ्या भोपळ्याकडे खालून पाहणारा तोच एक होता, आणि तडा सापडल्यावर टोपी काढणाराही तोच.

४. अट. या मातीतला पहिला भोपळा काट्यावर चढेल तेव्हा लॉर्नने स्वतः ध्वनिक्षेपकावर सांगावे की माती व्हर्नाची आहे आणि तिच्यात दगड आहे. मान्य नसेल तर माती गॉर्डनच्या सिमेंटखाली जाईल, आणि लॉर्नला ते सिमेंट त्याच्या खिडकीतून रोज पाहावे लागेल. मान्य असेल तर गॉर्डनने यंत्र लावून माती रस्त्यापलीकडे पोचवून द्यावी. रस्त्यावर सांडलेली झाडून घ्यावी, तीही माझीच.

५. माझ्या आईच्या चांदीच्या संचातला छोटा चमचा लॉर्न यास. बोरॉनसाठी. त्याच्याकडे फक्त मुठी आहेत.

६. सहीच्या वेळी हाताने वाढवलेले कलम. साक्षीदार हवेत असे कळल्यावर लॉर्न स्वतःचे पेन घेऊन रस्ता ओलांडून आला. बेझनसनबाई म्हणाल्या, "कॉर्कमसाहेब, ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना सही करता येत नाही."

"मला काय मिळणार? शिव्या?"

"त्या देऊन झाल्या," मी म्हणाले. "बाहेर थांब."

तो ओसरीवर गेला. बराच वेळ माझ्या वाडीकडे बघत उभा होता. मग दारातूनच ओरडला, "व्हर्ना! बोरॉन किती घालायचं, तेवढं लिहून ठेव. आणि ते भोंग्यावर काय बोलायचं असेल, तेही!"

मी त्याला काहीच सांगितले नव्हते; इतक्या वर्षांत मला ओळखून आहे, एवढेच. अट मान्य आहे असे समजावे.

एका वेलाला एक चमचा, सपाट. शीग नाही. भरल्या झारीत विरघळवून.

सही: व्हर्ना झ्विकर

आम्हा दोघांच्या देखत वरील सही झाली. आम्हाला यातले काहीही मिळणार नाही:
म्युरिएल हिल्ट्झ, टपाल कार्यालय
ऑस्टिन राफ्यूज, वजनकाटा प्रमुख

टर्नर्स कोव्ह, १२ नोव्हेंबर २०१९