पिवळ्या पट्ट्यांची वाट

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, पण ती ते मान्य करत नाही. माझी साखर जरा उतरली आहे. डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितल्यापासून मी वसाहतीमागच्या उद्यानात जातो. तू इथे असताना तिथे नुसतं रान माजलेलं होतं. आता झाडांमधून तीन पायवाटा काढल्यात आणि बुंध्यांवर रंगाचे पट्टे मारलेत, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही.

निळी वाट चढाची. हिरवी ओढ्याकडे उतरते. पिवळी सगळ्यात सोपी, दीड किलोमीटर, सगळी सावलीतून, आणि दर दोनशे पावलांवर बाक. तीस वर्षं बस चालवल्यामुळे थांबे मोजायची खोड काही जात नाही. चौथ्या बाकापाशी मुळं वर आली आहेत. आठव्यानंतर थोडा उतार आहे, तिथे धरायला काही नाही. बाकी वाट सपाट.

मागच्या बुधवारी तिथे माझी चांगलीच फजिती झाली. घरातून मी जुन्या पडद्याची लाकडी पट्टी आणि दोन टॉवेल पिशवीत घालून नेले होते. पहिल्या बाकावर बसून ती पट्टी डाव्या पायाला मागून घट्ट बांधली, गुडघा वाकू नये म्हणून. मग चालायला लागलो. तीन बाक निभावलं. चौथ्यापाशी मुळांत पाय अडकला आणि सरळ बसकण मारली.

उद्यानाची देखरेख करणाऱ्या बाई धावत आल्या. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील.

“काका, हलू नका. पाय मोडलाय का?”

“नाही हो. मीच बांधलाय.”

हा माणूस कुठून सुटून आलाय, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “कशासाठी?”

“माझ्या मुलीचा गुडघा वाकत नाही. तिला ही वाट जमेल का, ते बघत होतो.”

त्या माझ्याशेजारी मातीतच बसल्या आणि टॉवेलची गाठ सोडायला लागल्या. “अपघात झाला होता का?”

“हो. गाडी मी चालवत होतो.”

“कसा झाला?”

गेली सहा वर्षं या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. रेडिओकडे लक्ष गेलं, एवढंच मी सांगतो. रेडिओला कोणी हात लावला ते सांगत नाही, पण ऐकणारा काय समजायचं ते समजतो. त्या दिवशी ते उत्तर तोंडातून निघेना. मी म्हणालो, “मला झोप लागली होती.”

बाईंनी पट्टी सोडवून हातात दिली आणि मला उठवलं.

भिंगरी, खरं तेच आहे. आदल्या दिवशी मी सलग दोन पाळ्या केल्या होत्या. मावशीकडून जेवून निघताना आई म्हणाली, तासभर पडा आणि मग जा. मी म्हणालो, मला गाडी चालवायला शिकवू नकोस. वळणाच्या अलीकडेच माझे डोळे मिटले होते. तू रेडिओकडे हात नेलास तो त्यानंतर. तुझा हात मला दिसलासुद्धा नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तू पहिलं वाक्य बोललीस, “बाबा, मी रेडिओला हात लावायला नको होता.” मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, “असू दे.” तुझी चूक माफ केल्यासारखं. निवृत्तीला दोन वर्षं होती, झोपेचं कळलं असतं तर नोकरी गेली असती, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस देत होतो. पण निवृत्त होऊनही चार वर्षं झाली. म्हणजे खरं कारण ते नव्हतंच. तू माझ्याकडे ज्या नजरेने बघायचीस, ती जाईल याची भीती होती.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती, तिने सुरी खाली ठेवली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? तिला लिहा. फोनवर नको, फोनवर तुमची गाडी ‘बरी आहेस ना’च्या पुढे सरकत नाही.” म्हणून हे पत्र. चार कागद फाडले, हा पाचवा.

त्या बाईंनी चौथ्या बाकापाशी माती टाकून मुळं बुजवली. उतारावर लाकडी कठडा बसतोय, शनिवारी खांब पुरायला मीही जाणार आहे. तू येशील म्हणून नव्हे. तिथून बरेच जण काठी टेकत जातात.

तू ये, असं म्हणायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. रागावलीस, बोलणं टाकलंस, तरी ते बरोबरच असेल. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. फक्त सहा वर्षं जे तुझ्या माथी ठेवलं, ते आज परत घेतोय. ते माझं आहे.

तुझा अपराधी,
बाबा