पडद्यावरचा बाण

शिरगाव, डिचोली

प्रिय शीतल,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे चालते-फिरते आहेत. फोनच केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं थेट स्वयंपाकघरात ऐकू जातं, आणि हे तुझ्या आईच्या कानावर जाता कामा नये. परवा तिने तुला सांगितलं, बाळंतपणाला इकडे येऊ नकोस, पुण्यात सासूबाईंकडेच राहा, इथे वीज जाते, कॉम्प्युटर अजून ठरत नाही, तुझ्या कामाची आबाळ होईल. तू नुसतं 'बरं' म्हणालीस आणि फोन ठेवलास. पहिलं बाळंतपण, आणि आईच माहेरी येऊ नको म्हणते, हे तुला लागलं असणार. तू खरंच आली नाहीस तर काय, याच काळजीने लिहायला बसलोय. तेव्हा आधी एक ऐक. कॉम्प्युटर नुसता ठरला नाही, तिने तुला तसं सांगितलं तेव्हाच घरात येऊन बसला होता.

तू म्हणाली होतीस, लॅपटॉपवर वाकून मान धरते, मोठ्या पडद्याचा घ्या, रजा सुरू होईपर्यंत मी त्यावर काम करीन, पुढे तुम्हाला वीजबिल भरायला आणि नातवंड बघायला होईल. तुला बोलायला सोपं. मी जन्मभर खाणीवर ट्रक चालवला. ट्रक घेताना इंजिन ऐकायचं आणि खाली वाकून चेसिस बघायची, इथे वाकून बघणार काय? डिचोलीच्या दुकानात विशाल म्हणून मालक आहे, तो प्रोसेसर, रॅम करत सुटला आणि मी मान हलवत घाम पुसत राहिलो. चुकीचा घेतला तर तुझं काम अडेल आणि तुला न येण्याचं कारण मिळेल, हीच धास्ती. पडद्यातच सगळं कोंबलेला एक होता, दिसायला देखणा, पण बिघडला तर सगळाच उचलून न्यायचा. मी पडदा वेगळा, डबा वेगळा असा पसंत केला. एसएसडी घेतली, कारण चालू करून चहाला जायची वेळ येत नाही. वीज गेली तर काम जपून ठेवायला वेळ मिळावा म्हणून यूपीएस घेतला. मग विशालला म्हटलं, हिशेबाची पानं, व्हिडिओ, तुमची ती मीटिंग, सगळं एकदम उघडून दाखव. रिकामा ट्रक कुठलाही चढ चढतो, भरल्यावर कळतं. तो हसला, पण उघडलं त्याने. कुठे अडखळला नाही.

आई सोबत होती. पदराखाली हात घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. हल्ली ती अशीच बसते, मला वाटायचं वय झालं. म्हटलं, नातवंडाशी बोलणार तू, तर तूही हाताळून बघ. ती नको नको म्हणत होती, मी कसला ऐकतोय. तिने माऊसवर हात ठेवला आणि पडद्यावरचा बाण थरथरायला लागला. एका जागी ठरेचना. विशालने माऊस पुसला, दुसरा लावला, मग बिनवायरचा आणला. मी तर त्याला झापायलाच लागलो, आम्ही खेड्यातले म्हणून काहीही गळ्यात बांधतोस काय रे. त्याने मुकाट्याने माऊस माझ्या हातात दिला. बाण जागच्या जागी उभा. पुन्हा आईच्या हातात, पुन्हा थरथर. एवढा मोठा पडदा मीच मागून घेतलेला, दुकानातल्या सगळ्यांना दिसत होतं. मग ती हळूच म्हणाली, "माऊसाक कित्याक नावा ठेवतास? तो बरो आसा. हात माझो हलता."

दुसऱ्याच दिवशी तिला म्हापशाला डॉक्टरांकडे नेलं. कंपवाताची सुरुवात आहे म्हणाले. जीवाला धोका नाही, गोळ्यांनी थरथर कमी होईल, पण साफ जाईल असं नाही. आता मला सगळं दिसायला लागलंय. चहाचा कप ती अर्धाच भरते. सुईत दोरा शेजारची हौसा ओवून देते. आणि मी तिच्यासमोर बसून तोच अर्धा कप पीत होतो, इतका मी हुशार. तिने मला लईराईची शपथ घातली आहे, की शीतलला एक शब्दही बोलायचा नाही. मी बोलत नाहीये, लिहितोय. देवी एवढं समजून घेईल.

या वाड्यावरची निम्मी पोरं तुझ्या आईच्या पायांवर न्हाली आहेत, तुला ठाऊकच आहे. कुठे बाळ झालं की चंद्रावतीला बोलवा. पण मागे हौसाच्या मुलीचं बाळ न्हाऊ घालायला बोलावलं, तर कंबर दुखते म्हणून गेली नाही. कंबर ठणठणीत होती गं. परवा तुझा फोन ठेवल्यावर मी तिला रागानेच विचारलं, तेव्हा रडली. म्हणाली, ओलं बाळ हातातून निसटलं तर? दुसऱ्याचं बाळ न्हाऊ घालायचं टाळता येतं, लेकीचं कसं टाळू, आणि टाळलं तर लेक काय समजेल? त्यापेक्षा ती येऊच नये. कॉम्प्युटरवर तिने जुनी साडी घालून ठेवली आहे. धूळ बसते म्हणते.

मला भीती वाटते, शीतल, सरळच सांगतो. तू आली नाहीस तर तिने हात पदराखाली घेतले ते कायमचेच. म्हणून हे पत्र. तू ये. कॉम्प्युटर तयार आहे, तुला घेऊन या म्हणून आपल्या जावयांना, निखिलरावांना, मी वेगळं सांगेन. हौसाशी मी बोललोय, बाळाला ती न्हाऊ घालील. तू आल्यावर आईला काही विचारू नकोस, तिच्या हातांकडे बघूही नकोस. ती आपणहून बाळ मागणार नाही. पण बाळ रडलं आणि न राहवून तिने हात पुढे केलेच, तर 'आई, राहू दे' असं म्हणू नकोस. बाळ दे तिच्याकडे. तिच्या हातांखाली माझे हात असतील.

तुझी वाट बघणारा, तुझाच
बाबा