बंद पाडलेला शेक एका गुडघ्यापुरता सुरू होण्याबाबत

प्रति,
मेहेरबान मामलेदारसाहेब,
तालुके मावळ, कचेरी मुक्काम वडगाव.

अर्जदार: रखमाजी अंबाजी शेडगे, धंदा शेती, राहणार मौजे कुसगाव.

विषय: शालूबाईने कोणाचाही गुडघा शेकू नये असा झालेला हुकूम अर्जदाराच्या उजव्या गुडघ्यापुरता मागे घेण्याबाबत.

संदर्भ: सदर हुकूम ज्या अर्जावरून झाला तो अर्ज. तोही याच अर्जदाराचा.

महोदय,

१. अर्जदाराचा उजवा गुडघा कामातून गेला आहे आणि आवणी तोंडावर आली आहे. मावळात ही भातलावणी एकमेकांच्या मदतीने, इर्जिकीने होते. जो दुसऱ्याच्या खाचरात उतरत नाही त्याच्या खाचरात कुत्रेही उतरत नाही. गुडघा वाकला नाही तर अर्जदाराचे शेत यंदा पडीक राहणार. याला सर्वस्वी शालूबाईचा आडमुठेपणा कारण आहे, म्हणून हा अर्ज.

२. सदर शालूबाई, भ्रतार मयत हौशीराम, ही अर्जदाराची चुलत भावजय असून दोघांच्या शेतांना बांध एकच आहे. साहेब देशावरचे, म्हणून खुलासा करणे भाग आहे की, इकडे भाताचे बी पेरण्याआधी वाफ्यावर शेण, पाला व गवत पसरून जाळतात. त्यास राब भाजणे म्हणतात. राब विझला तरी माती बराच वेळ ऊन राहते. त्या मातीत निर्गुडीचा पाला अंथरून ही बाई लोकांचे गुडघे पुरीत असे. एरवी तीच माती तव्यावर तापवून, फडक्यात बांधून शेक देत असे. पैसा घेत नसे, आणि फुकट ते पौष्टिक, त्यामुळे लोणावळ्याचे हमाल व टांगेवालेसुद्धा बांध तुडवीत येऊ लागले. अल्लाबक्ष टांगेवाला, ज्याच्या गुडघ्यावर घोड्याने लाथ मारली होती, तो दोघांच्या खांद्यावर आला आणि काही दिवसांनी आपल्या पायाने टांग्यावर चढू लागला. तेवढ्यावर न थांबता तो येता-जाता अर्जदाराच्या दारापुढे टांगा उभा करून, "रखमाजीभाऊ, बघा, पाय कसा चालतोय!" असे म्हणून पाय हलवून दाखवीत असे. हा उघड उघड त्रास होय.

३. आता साहेबांनीच विचार करावा. इतक्या गुडघ्यांनी जमिनीतली धग ओढून नेली तर जमिनीत काय राहणार? गेल्या साली अर्जदाराचे रोप विरळ उगवले. बांध एक, माती एक, तेव्हा अर्जदाराची धग बांधाखालून त्या गुडघ्यांत गेली, हे शेंबडे पोरही सांगेल. अर्जदाराचे बियाणे किडके होते असे काही लोक म्हणतात, परंतु ते सर्व बाईकडून शेकून घेतलेले लोक आहेत. यावरून अर्जदाराने मागील अर्ज केला व शेक बंद झाला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, अशी म्हण असता हाच एक हुकूम एवढ्या तातडीने का निघाला, हे अर्जदारास आजतागायत उमगलेले नाही.

४. यंदा राब भाजल्यावर हुकूम पाळला जातो की नाही, हे पाहण्यास अर्जदार रोज बांधावर जाऊन बसत असे. हे काम सरकारचेच, परंतु अर्जदाराने ते बिनपगारी केले. एके सकाळी बाई कोणाच्या तरी पायाशी बसलेली दिसली. अर्जदार ओरडत धावला, बांधावरून घसरला आणि तिच्याच खाचरात आपटला. बाई शेळीच्या खुरातला काटा काढीत होती. गुडघा पिरगळून भोपळ्याएवढा सुजला. शेळीस काही झाले नाही.

५. नंतर उपाय पुष्कळ झाले. वैदूने लेप दिला, तो भिंतीस लावला असता तर भिंत तरी टिकली असती. सूज उतरली, पण गुडघा लाकूड झाला. अर्जदाराची बायको रतनबाई हिने वीट तापवून शेकले. "आणखी तापव" असे अर्जदाराने सांगितले हे खरे, परंतु फोड आले ते विटेमुळे आले. त्यावर रतनबाई म्हणाली, "शालूबाईच्या हाताला अंदाज हाय, तुमच्या त्वांडाला न्हाई." म्हणजे घरातूनही अर्जदारास न्याय नाही.

६. शेवटी अर्जदार अल्लाबक्षच्याच टांग्यात बसून बाईच्या दारी गेला. काय वाटले ते शत्रूलाही वाटू नये. बाईने तवा दाखविला, माती दाखविली आणि म्हणाली, "भाऊजी, सरकारचा हुकूम हाय. म्या कसा मोडू? तुमीच तर आनलाय." अर्जदार म्हणाला, घरच्या घरात कोणास कळते? तेव्हा बाई सर्वांदेखत कडाडली, "धोंडाबाई आत्या शेक बंद झाल्यापासनं अंगनात रांगतीया. तिला म्या न्हाई म्हनले, तिनं माजं पाय धरलं तरी न्हाई म्हनले. आन् तुमाला व्हय म्हनू? चावडीवर चार मानसांत म्हना, शालू, चुकलं. लगीच तवा ठिवते."

७. धोंडाबाई ही म्हातारी शेजारीच राहते. तिचे रांगणे अर्जदारास ओट्यावरून दिवसभर दिसते. पूर्वी तो तिकडे पाहत नसे. आता त्यासही हलता येत नसल्याने पाहावे लागते. हुकूम एकट्या गुडघ्यापुरता उठविणे कायद्यात बसत नसेल तर सरसकट उठवावा, आणि पहिला नंबर धोंडाबाईचा लागल्यास अर्जदार तक्रार करणार नाही.

८. मात्र अर्जदार चावडीवर चुकलो असे म्हणणार नाही. त्याच्या घराण्यात आजवर कोणी म्हटलेले नाही. सरकारने नव्या हुकुमाखाली आपल्या शाईने "चूक झाली" एवढेच लिहून, कोणाची ते न लिहिता, चावडीवर वाचून दाखवावे. वाचतेवेळी अर्जदार बाईसमोर हजर राहील व मान खाली घालील. ती गुडघा दुखतो म्हणून घातली, असे समजण्यात यावे.

उभे राहता येत नसल्याने बसूनच मुजरा करणारा,
आपला नम्र,
रखमाजी अंबाजी शेडगे
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

मौजे कुसगाव, ता. ११ जून १९३३

अर्ज लिहिणार: दत्तोबा, मुक्काम लोणावळे. अर्जदाराने सांगितले तसे लिहिले.