करंडा राहू दे तुझ्याकडे

बाई, आज सकाळी एक मुलगी माझ्याकडे काम शिकायला आली आणि तिनं पहिल्याच दमात विचारलं, "हिरोइनींना भेटायला कधी मिळणार?" मला हसू आवरेना. तुमच्या अंधेरीच्या स्वयंपाकघरात उभं राहून मीही अगदी हेच विचारलं होतं. तुम्ही भाकरी थापत होता. वर न बघता म्हणालात, "आधी खालच्या नळावर जा. पाण्याला कोण कोण येतं ते बघून ये." मी गेले आणि परत येऊन सांगितलं की त्यातली एक फार देखणी आहे. "देखणी कुणालाही ओळखता येते गं. राग आला की कुणाच्या तोंडावर दिसतो, ते सांग." पुन्हा नळ. असं माझं शिक्षण सुरू झालं. तेव्हा आपल्याला एजंट कोणी म्हणत नसे. शूटिंगला माणसं पुरवणारी ती सप्लायर, आणि हा शब्द उच्चारताना लोकांचं नाक जरा वर जायचं.

त्या वर्षी मी बोलायचं नाही, असा तुमचा नियम होता. तुमच्यामागून जोगेश्वरीच्या, मालाडच्या चाळी पालथ्या घालायच्या, पाण्याचा तांब्या आणि सेफ्टी पिनांची डबी सांभाळायची, आणलेली माणसं जेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. इकडे वडिलांनी फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्टची जागा बघून ठेवली होती आणि रोज जेवताना ती माझ्या ताटात वाढत होते. मला ती नको होती. मला हेच काम हवं होतं, का ते धड सांगता येत नव्हतं, पण हवं होतं. शेवटी तुम्ही म्हणालात, "पवईचं काम एकटीनं पार पाड. जमलं तर पुढचं तुझं. नाही जमलं तर बापाचं ऐक."

मला निरोप होता नऊवारीतल्या गावकरणी आणायचा. एवढंच. मी जोगेश्वरीच्या कोकणातल्या बायकांना सांगितलं, शूटिंग आहे, नऊवारी नेसून या. आता शूटिंग म्हटल्यावर कोण साधं येईल? लॉरीत चढल्या तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात गजरे, हातांत नवा हिरवा चुडा, कपाळावर ठसठशीत कुंकू, जणू वरातीला निघाल्या होत्या. मी खूश. तलावाच्या काठी उतरलो आणि डायरेक्टरच्या असिस्टंटनं कपाळाला हात मारला. "वाट लागली! अगं, नदीत नवरे बुडालेत यांचे. पुसायला सांग कुंकू, बांगड्या उतरव, चल पटपट." सगळ्यात थोरली होती ती मागे सरली. "घोव जितो असताना कपाळ पुसू? ह्या माझ्याच्यान होवचा नाय!" बाकीच्यांनी पदर तोंडाला लावला. एकीला रडूच फुटलं.

मी तुमच्याकडे बघते. तुम्ही नुसतं बघायला म्हणून आलेल्या, झाडाखाली दगडावर बसलेल्या, रुपयाएवढं कुंकू लावून, त्या नवऱ्याच्या नावाचं, ज्यानं नाशकात दुसरं बिऱ्हाड थाटल्याला कैक वर्षं झाली होती. तुम्ही मान वळवता. म्हणजे हे माझं मीच निस्तरायचं. माझं तोंड उघडलं ते उघडलंच. म्हणाले, "कुंकू पुसलं जाणार नाही. पदर पुढं ओढून बसतील."

"पुढच्या ओळीचं कपाळ दिसायला पाहिजे, यार. नाहीतर उद्यापासून आमच्याकडे पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकणार. तुमची लॉरीही नको. आम्ही चालत जाऊ अंधेरीला."

कानात टाइपरायटर वाजत होता, तरी मी चपला शोधायला वाकले. बायकाही उठल्या. तेवढ्यात तुम्ही शांतपणे पाण्यापाशी गेलात, पदराचं टोक भिजवलंत आणि कपाळ पुसलंत. बांगड्या काढून माझ्या ओंजळीत दिल्यात. "पुढं मी बसते. ह्या मागं बसतील, पदर ओढून. लाव तुझा कॅमेरा." त्यांनी रडायला सांगितलं तेव्हा तुम्ही रडला नाहीत. नुसत्या पाण्याकडे बघत राहिलात. मागच्या बायका मात्र तुमच्या पाठीकडे बघून खऱ्याखुऱ्या रडल्या.

परतताना लॉरीत मी पर्समधला कुंकवाचा करंडा उघडून तुमच्यापुढं धरला. तुम्ही क्षणभर बघितलंत आणि झाकण लावलंत. "राहू दे तुझ्याकडे. मागेन तेव्हा दे." मग एकदम नेहमीच्या आवाजात, "नाही म्हणालीस ते झकास केलंस. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही गं, दुसऱ्या हातात काहीतरी लागतं. आणि सीन काय आहे ते विचारल्याशिवाय कुणाला घराबाहेर काढायचं नाही. पुढचं काम तुझं." त्याच संध्याकाळी मी वडिलांना टायपिस्टची जागा नको म्हणून सांगितलं.

करंडा तुम्ही कधीच मागितला नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत कपाळ कोरं. नळावरच्या बायकांनी नवरा गेला असं धरलं, ते तुम्ही धरू दिलंत. मला मात्र राहून राहून वाटायचं की त्या दिवशी तुम्ही आमची अडचण निवारलीत की स्वतःची, आणि विचारायचा धीर झाला नाही. आमचा धंदा आता मोठा झालाय, फोन आहे, दारावर पाटी आहे. पण अजून कुणा सवाष्णीला विधवेचं काम आलं तर आधी मी तिच्या घरी जाऊन सीन सांगते, ती हो म्हणाली तरच नेते आणि शॉट संपला की करंडा घेऊन तिच्यापुढं उभी राहते. सकाळच्या मुलीलाही मी हेच शिकवणार आहे, नळावर पाठवून झाल्यावर.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. आजवर प्रत्येकीनं लगेच बोट बुडवून कुंकू लावलं आहे. तरी तिचं बोट करंड्यात जाईपर्यंत मी तिच्या तोंडाकडे बघत नाही, बाई. एखादी तुमच्यासारखी 'राहू दे' म्हणाली, तर तिला काय म्हणायचं ते तुम्ही मला शिकवलं नाहीत.